शब्दाचा वाहक आणि त्याची जबाबदारी

कोणतेंही वर्तमानपत्र हातीं घेऊन त्याचें शेवटचें पान पाहिलें, तर तळाशीं अगदीं बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली आढळते. हें पत्र अमुक गृहस्थांनीं अमुक छापखान्यांत छापून अमुक ठिकाणीं प्रसिद्ध केलें, एवढाच त्या ओळीचा मजकूर असतो. ती ओळ सहसा कोणी वाचीत नाहीं. परंतु तिची योग्यता मोठी आहे. १८६७ सालीं हिंदुस्थानांत छापखान्यांविषयीं जो कायदा झाला, त्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें स्थळ घालण्याची सक्ति केली. परक्या सरकारला लेखणीवर नजर ठेवावयाची होती, हाही त्यांत एक हेतु होता. तथापि त्यांतून एक चांगली रीत रूढ झाली. ती ही कीं, जो मनुष्य शब्द लोकांपुढें मांडतो त्यानें त्याखालीं आपलें नांव घालावें आणि विचारल्यास जाब द्यावा. त्या जुन्या कायद्याची जागा आतां २०२३ सालच्या नव्या कायद्यानें घेतली आहे. पण ती बारीक ओळ वर्तमानपत्रांत अजूनही दिसते.

हा जाब किती जड असे, हें महाराष्ट्राला सांगावयास नको. केसरींतील लेखांबद्दल १९०८ सालीं लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टांत राजद्रोहाचा खटला झाला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ती त्यांनीं ब्रह्मदेशांत मंडाले येथील तुरुंगांत भोगली. शिक्षा अन्यायाची होती, यांत शंका नाहीं. परंतु लेख कोणत्या पत्रांतला, संपादक कोण, आरोप कोणता, हें सर्व उघड होतें. आरोपीनें भर कोर्टांत आपली बाजू मांडिली आणि लोकांनीं दोन्ही पक्ष ऐकून आपलें मत बनविलें.

त्याच मंडाले शहरांत १०६ वर्षांनीं, म्हणजे २०१४ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं, एक अफवा उठली. एका चहाच्या दुकानाच्या मुसलमान मालकानें दुकानांत कामास असलेल्या बौद्ध स्त्रीवर अत्याचार केला, अशी ती होती. फेसबुकवरून ती पाहतां पाहतां असंख्य लोकांपर्यंत गेली. जमाव जमला, दंगल झाली, आणि एक बौद्ध व एक मुसलमान अशीं दोन माणसें प्राणांस मुकलीं. शहरांत संचारबंदी पुकारावी लागली. मागाहून तो आरोप खोटा ठरला. ती अफवा प्रथम कोणीं लिहिली, हें कदाचित् शोधून काढतां येईल. परंतु तिला इतक्या घरांत इतक्या लवकर कोणीं पोहोंचविलें? त्या वाहकाचें नांव कोणत्याही पानाच्या तळाशीं नव्हतें. प्रस्तुत लेखांत या नव्या वाहकाविषयींच आम्ही चार शब्द लिहिणार आहों.

हा वाहक टपालवाल्यासारखा आहे, असें पुष्कळांना वाटतें. पण तें बरोबर नाहीं. टपालवाला पत्र ज्याचें त्याला देतो. कोणतें पत्र आधीं द्यावें व कोणतें पिशवींतच राहूं द्यावें, याचा विचार तो करीत नाहीं. फेसबुक, यूट्यूब इत्यादि कंपन्यांकडे मात्र दररोज कोट्यवधि लोकांचें लेखन, चित्रें व चित्रफिती येऊन पडतात. त्यांतील काय कोणाच्या डोळ्यांपुढें आधीं यावें आणि काय तळाशीं राहावें, हें त्यांना ठरवावेंच लागतें. हें काम माणसें एकेक मजकूर वाचून करीत नाहींत. कंपनीच्या अभियंत्यांनीं रचलेले गणिताचे नियम, ज्यांस अल्गोरिदम म्हणतात, तें करितात. आपण कोणती चित्रफीत किती वेळ पाहिली, बोट कोठें थांबलें, कशास उत्तर दिलें, काय पुढें पाठविलें, या सर्वांची नोंद होते. आणि हा मनुष्य कशानें गुंतून राहील, याचा अंदाज त्यावरून बांधला जातो.

असें करण्याचें कारण उघड आहे. कंपनी बहुधा वाचकाकडून दाम घेत नाहीं; तिचें बहुतेक उत्पन्न जाहिरातींचें असतें. मनुष्य जितका वेळ पडद्यापुढें बसेल, तितक्या अधिक जाहिराती त्याच्या नजरेखालून जातील. आतां मनुष्यस्वभाव असा आहे कीं, शांत विचारापेक्षां राग, भय आणि कुचाळकी त्याला लवकर खेंचून घेतात. चावडीवर भांडण जुंपलें तर क्षणांत गर्दी होते. तेथेंच कोणी हिशेब समजावून देऊं लागला तर लोक पांगतात. म्हणून यंत्राला द्वेष मुद्दाम शिकवावा लागत नाहीं. लोक ज्यांत गुंततील तें पुढें ठेव, एवढीच आज्ञा त्याला दिली म्हणजे द्वेष आपोआप पहिल्या रांगेंत येऊन बसतो.

मग ही कंपनी संपादक समजावी काय? तेंही ती मान्य करीत नाहीं, आणि कायदाही तिला बऱ्याच अंशीं तसें समजत नाहीं. अमेरिकेंत १९९६ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें, दुसऱ्यानें लिहिलेल्या मजकुराबद्दल अशा कंपनीस प्रकाशक मानावयाचें नसतें. फेसबुकचा जन्म २००४ सालचा. म्हणजे तो कायदा झाला तेव्हां आजच्या ह्या अवाढव्य कंपन्यांपैकीं कित्येकींचें अस्तित्वही नव्हतें. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांत ७९ व्या कलमानें कांहीं अटींवर असेंच संरक्षण दिलेलें आहे. या संरक्षणास कारण नाहीं असें नाहीं. प्रत्येक शब्दाबद्दल दावा होण्याचें भय असतें, तर कंपन्यांनीं सामान्य मनुष्याचें अर्धें बोलणें भीतीनेंच कापून टाकिलें असतें. परंतु परिणाम असा झाला कीं, संपादकाची निवडण्याची शक्ति हातीं आली आणि त्याची जबाबदारी मात्र टपालवाल्याएवढीच राहिली.

याचा अर्थ ब्रह्मदेशांत, म्हणजे आजच्या म्यानमारमध्यें, पुढें जें घडलें त्यावरून नीट ध्यानांत येतो. तेथें अनेक दशकें लष्करी राजवट होती आणि मोबाईलचें सिमकार्ड ही श्रीमंतांची चैन होती. २०१४ सालीं दोन परदेशी कंपन्यांची सेवा सुरू झाली आणि सिमकार्ड दीड हजार क्यातला, म्हणजे त्या वेळच्या सुमारे शंभर रुपयांना, मिळूं लागलें. ज्यांच्या घरांत कधीं टेलिफोन आला नव्हता, अशा लक्षावधि लोकांच्या हातीं एकदम इंटरनेट आलें. २०१८ सालापर्यंत त्या देशांत फेसबुक वापरणारे सुमारे दोन कोटि झाले. आणि त्यांतील पुष्कळांच्या लेखीं फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतें. बातमी तेथेंच, बाजारभाव तेथेंच, सरकारी जाहीरनामाही तेथेंच.

त्या देशाच्या पश्चिमेस राखाईन प्रांत आहे. तेथें रोहिंग्या नांवाचे मुसलमान लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें त्यांतील बहुतेकांना देशाचे नागरिक मानण्याचें नाकारलें. त्यांच्याविषयींचा द्वेष जुना आहे. तो कंपनीनें उत्पन्न केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु वाळलेल्या गवतांत ठिणगी पडली असतां जो वारा घालतो, त्याला आपला त्या आगीशीं संबंध नाहीं असें म्हणतां येत नाहीं. रोहिंग्यांस किड्यांची व कुत्र्यांची उपमा देणारा मजकूर फेसबुकवर वर्षानुवर्षें फिरत राहिला. तेथील कार्यकर्त्यांनीं कंपनीला वारंवार इशारे दिले. पण २०१५ च्या आरंभीं अशा मजकुराची तपासणी करणारे ब्रह्मी भाषा जाणणारे लोक कंपनीकडे अवघे दोन होते, असें रॉयटर्स वृत्तसंस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलें.

यांत आणखी एक अडचण होती, ती लिपीची. म्यानमारमधील बहुतेक लोक झॉजी नांवाचा फाँट वापरीत आणि तो युनिकोडच्या सर्वमान्य पद्धतीशीं जुळत नसे. आपल्याकडेही जुन्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला म्हणजे निरर्थक चिन्हें दिसत, हें पुष्कळांना आठवत असेल. अशा लिपींतील शब्दांचा अर्थ यंत्राला नीट लागत नसे. म्यानमारच्या सरकारनें युनिकोडचा अधिकृत स्वीकार केला तो २०१९ सालीं. सारांश, ज्या भाषेंतून कंपनी व्यापार करीत होती, ती भाषा ती पुरती वाचूं शकत नव्हती. दुकान मांडावयाचें, पण गिऱ्हाइकाची भाषा शिकावयाची नाहीं, असा हा प्रकार होता.

२५ ऑगस्ट २०१७ रोजीं रोहिंग्यांच्या एका सशस्त्र टोळीनें पोलिसांच्या चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्करानें जी मोहीम काढिली तींत गांवेंच्या गांवें जाळलीं गेलीं, आणि सात लाखांहून अधिक माणसें जीव घेऊन बांगला देशांत कॉक्स बझारकडे पळालीं. मार्च २०१८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधक मंडळाचे अध्यक्ष मार्झुकी दारुस्मान यांनीं सांगितलें कीं, म्यानमारमध्यें समाजमाध्यमांचा वांटा निर्णायक होता. २७ ऑगस्ट २०१८ रोजीं त्या मंडळानें वरिष्ठ सेनापतींची वंशसंहाराच्या आरोपावरून चौकशी व्हावी अशी शिफारस केली. आणि त्याच दिवशीं फेसबुकनें सरसेनापति मिन आँग ह्लाइंग यांच्या खात्यासह १८ खातीं व ५२ पानें काढून टाकिलीं. त्यांच्यामागें असलेल्या वाचकांची संख्या १ कोटि २० लाखांच्या घरांत होती. स्वतंत्र बातम्यांचीं व मतांचीं म्हणून दिसणारीं कांहीं पानें आंतून लष्कराचाच प्रचार करीत होतीं. पुढें नोव्हेंबरमध्यें कंपनीनें कबूल केलें कीं, आपल्या साधनाचा उपयोग फूट पाडण्यास व प्रत्यक्ष हिंसा चेतविण्यास होऊं नये म्हणून त्या वर्षापूर्वीं आपण पुरेसें केलें नाहीं. कबुली प्रामाणिक असेल. पण ती आली तेव्हां गांवें जळून गेलीं होतीं.

येथें कोणी म्हणेल कीं, यावर उपाय सोपा आहे: सर्व नियंत्रण सरकारच्या हातीं द्यावें. आम्हांस हा उपाय रोगापेक्षां कमी भयंकर वाटत नाहीं. म्यानमारचीच पुढील हकीकत पाहा. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें निवडून आलेल्यांना बाजूस सारून सत्ता बळकाविली. तेव्हां सामान्य लोक, शिक्षक, डॉक्टर, कारकून, फेसबुकवरूनच एकमेकांस हांक देऊं लागले. आणि चारच दिवसांत लष्करानें फेसबुक बंद करण्याचा हुकूम सोडिला. जें साधन काल दुर्बळांच्या नाशास लागलें, तेंच आज दुर्बळांचा आवाज झालें. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीनें लष्करास आपल्या व्यासपीठावरून पूर्णपणें काढून टाकिलें. निर्णय योग्य होता, असें आम्हांस वाटतें; तरी समुद्रापलीकडील एका कंपनीच्या कचेरींत बसलेल्या थोड्या माणसांनीं एका देशांत कोणीं बोलावें हें ठरवावें, यांत लोकशाहीला काळजी करण्यासारखें पुष्कळ आहे.

आपल्या घरचेंही एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईंत सर्व व्यवहार बंद राहिले, त्याविषयीं पालघर येथील एका तरुणीनें फेसबुकवर प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीनें त्यास पसंती दिली. एवढ्यावरून दोघींनाही अटक झाली. ज्या कायद्याचा आधार घेतला गेला त्याचें ६६ अ हें कलम इतकें मोघम होतें कीं, कोणासही त्रासदायक वाटेल असा शब्द गुन्हा ठरूं शके. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलें. कोणाच्याही नुसत्या तक्रारीवरून कंपनीनें मजकूर काढण्याचें कारण नाहीं. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना आल्यासच तें बंधन लागूं होतें, असाही अर्थ त्याच निकालांत न्यायालयानें लाविला. म्हणजे लोकांच्या वाणीला दोन्हीकडून धोका आहे: कंपनी नफ्यासाठीं ती वांकवील, आणि सत्ता भयापोटीं ती दाबील.

तर मग मार्ग कोणता? आमच्या मतें शब्दावर पहारा बसविण्याऐवजीं शब्द वाहणाऱ्या यंत्राच्या रचनेस जाब विचारला पाहिजे. हें अशक्य नाहीं, याचें उदाहरण दुःखाचें असलें तरी जवळचें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पांच निरपराध पुरुषांस जमावानें ठार केलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून त्या भागांत पसरली होती. भिक्षा मागत फिरणारा परका मनुष्य गांवाला एरवीं नवा नव्हता. परंतु त्या निरोपांनीं त्याला राक्षस करून सोडलें. व्हॉट्सॲपवरील निरोप कंपनीला वाचतां येत नाहींत. तेथें यंत्र मजकुराची निवड करीत नाहीं, पण एक निरोप एका बोटानें अनेक ठिकाणीं फेंकण्याची सोय तेंच देतें. त्याच महिन्यांत कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येणार नाहीं, अशी मर्यादा घालण्याचें जाहीर केलें. जानेवारी २०१९ मध्यें ती जगभर लागूं झाली. कोणाचें तोंड बांधलें नाहीं, कोणाचें पत्र फोडलें नाहीं. केवळ वेग कमी केला. जी गोष्ट पांच माणसें मेल्यावर करतां आली, ती आधींही करतां आली असती, हा विचार मनास टोंचल्याशिवाय राहत नाहीं.

युरोपीय संघानें याच दिशेनें एक पाऊल टाकिलें आहे. २०२२ सालीं त्यांनीं केलेला डिजिटल सेवांचा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणें अमलांत आला. ज्या व्यासपीठाचे युरोपांतील वापरणारे साडेचार कोटींहून अधिक आहेत, त्या कंपनीनें आपल्या रचनेपासून निवडणुकांस, मूलभूत हक्कांस व मुलांस कोणता धोका संभवतो याचा दरवर्षीं स्वतः तपास करावा, बाहेरच्या परीक्षकांकडून त्याची तपासणी करून घ्यावी, आणि मजकूर काढला तर त्याचें कारण लिहून कळवावें, असें त्यांत बंधन आहे. नियम मोडल्यास वार्षिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड होऊं शकतो. हा कायदा निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पानाच्या तळाशीं नांव घालण्याचा जो जुना नियम, त्याचेंच हें नवें रूप आहे. कंपनीच्या केवळ सदिच्छेवर विसंबून भागत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें फेसबुकच्या मालक कंपनीनें अमेरिकेंतील बाहेरच्या सत्यपडताळणी संस्थांची योजना बंद करण्याचें जाहीर केलें. त्या योजनेचे गुणदोष कांहींही असोत. जो नियम मालकाच्या इच्छेनें येतो, तो त्याच्याच इच्छेनें जातो. लोकांनीं केलेला कायदा बदलावयाचा तर लोकांना विचारावें लागतें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द सांगून हा लेख पुरा करितों. कायदे करणें तुमच्या हातीं आज नाहीं; मतदानाचा हक्क मिळाल्यावर तो विचारपूर्वक वापरालच. पण वाहकाचें काम तुम्ही आजच करीत आहां. मंडालेची अफवा काय किंवा राईनपाड्याची काय, ती एकट्या यंत्रानें पसरविली नाहीं. आपल्यासारख्या साध्या, देवभीरु, कुटुंबवत्सल माणसांनीं ती पुढें पाठविली. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आपण लहानपणीं पाठ केली. तेव्हां साक्ष म्हणजे कोर्टांतील गोष्ट वाटे. आज मात्र न पाहिलेली गोष्ट खरी म्हणून पुढें पाठविणारा प्रत्येकजण साक्षीदार होतो. आणि त्याचा शेजारी कदाचित् शंभर कोसांवरच्या गांवीं आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं भिक्षा मागत फिरत असतो.

म्हणून एखादा निरोप हातीं आला आणि तो वाचून मनांत संताप उसळला, तर तोच थांबण्याचा क्षण समजावा. हें कोणीं पाहिलें, केव्हां, कोठें, हें विचारावें. उत्तर मिळालें नाहीं, तर तो निरोप आपल्यापाशींच संपूं द्यावा. आणि पाठवावयाचाच असेल, तर त्याच्या तळाशीं बारीक अक्षरांत आपलें नांव व आपलें गांव छापलेलें आहे, असें समजून पाठवावा.